परत येण्याची खूण

इंदोरा, नागपूर
२९ जून १९७३

विशाखाच्या बाबांना प्रेमलताचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी सुखरूप पोहोचलो. छोटी गाडी इतवारीला तीन तास उशिरा लागली, तरी कांताबाई फलाटावर थांबून होत्या. तुमच्या या आतेबहिणीला मी आपल्या लग्नातच काय ती पाहिलेली. पण त्यांनी मला लांबूनच ओळखलं. म्हणाल्या, अख्ख्या फलाटावर पोरीचं मनगट इतकं घट्ट धरलेली बाई तू एकटीच होतीस.

आणि खरंच सांगते, ते मनगट मी अजून सोडलेलं नाही. टेंभरीला दिवसातून दोन गाड्या. तिथं विशाखाला ऐकू येत नाही हे कधी कधी आपणही विसरून जातो. इथं पळभर विसरून चालत नाही. स्टेशनाबाहेर आलो तर सायकलरिक्षा, टांगे, ट्रक, सगळे एकाच वेळी हॉर्न आणि घंट्या वाजवत होते. मी भांबावून गेले आणि ही आपली हसत मध्येच चालू लागली. मागून रिक्षावाला घंटी वाजवून वाजवून थकला. शेवटी उतरला आणि मला म्हणाला, "बाई, बच्ची को सुनाई नहीं देता क्या?" त्यानं रागानं विचारलं होतं. मी हो म्हटल्यावर तो रिक्षा हातानं बाजूला घेऊन गेला.

मंगळवारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कानाजवळ निरनिराळी यंत्रं वाजवून पाहिली. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या वर्षी ताप आला तेव्हाच आतली शीर गेली, ती आता परत यायची नाही. हे आईंना सांगताना जरा बेतानं सांगा. त्यांना अजून वाटतं की एक दिवस पोरगी आपोआप बोलेल.

पण पुढचं ऐका. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून तिथं गेलो. इंदुताई नावाच्या बाई आहेत, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांनी विशाखाला समोर बसवलं, तिचा एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि दुसरा तिच्याच गळ्यावर. मग ओठांसमोर कागदाची पट्टी धरून "पा" म्हणाल्या. पट्टी हलली. पोरीनं नुसतं फुंकलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा गळ्याला हात लावला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मग एकदम तिच्या तोंडातून "पा" आलं. जाड, घोगरं, पण आलं. तिला स्वतःला ऐकू आलं नाही. माझा चेहरा बघून तिला कळलं की काहीतरी झालं.

बाई म्हणतात, सहावं सरत आलं, उशीर झाला आहे, पण फार नाही. आणखी दोन वर्षं गेली तर जीभ वळणार नाही. त्या आत्ता घ्यायला तयार आहेत. अडचण एकच. वसतिगृह मुलांचं आहे, मुलींचं नाही. मुलीचं घर इथंच पाहिजे.

मी आठ दिवस बघायला आले होते. शहर आवडलं का विचाराल तर सांगता येत नाही. नळाला तासभर पाणी येतं आणि त्यासाठी बायका दोन तास भांडतात. कांताबाईंच्या भिंतीला लागून दुसऱ्याची भिंत, तिकडे कुणी खोकलं तर इकडे कळतं. पण संध्याकाळी विहारात वंदनेला गेले तर किती बायका ओळखीच्यासारख्या बोलल्या. इथं राहता येईल असं वाटलं. तुम्ही बदलीचा अर्ज करा. इतवारीला तुमच्यासारखे सांधे बदलणारे पैटमन लागतच असतील. तुमचं काय मत ते लवकर कळवा.

तुमची,
प्रेमलता


टेंभरी स्टेशन
५ जुलै १९७३

प्रेमलतास चंद्रभानचा जय भीम.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. "पा" आलं तो मजकूर आईला वाचून दाखवला. शीर गेल्याचं सांगितलं नाही.

तू तिथंच राहा. नाव घालून टाक. मी स्टेशनमास्तरांकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला, डिवीजन ऑफिसला गेलासुद्धा. मास्तर म्हणतात, मुलीच्या शिक्षणाचं कारण आहे, सहानुभूतीनं बघतात. दसऱ्यापर्यंत होऊन जाईल.

मी नागपूर एकदाच पाहिलं, छप्पन साली, दीक्षेच्या वेळी. पंधरा वर्षांचा होतो, बापासोबत आलो होतो. नजर जाईल तिथपर्यंत पांढऱ्या कपड्यातली माणसं. माझ्यासाठी नागपूर म्हणजे तेवढंच. त्या दिवशी वाटलं होतं, या शहरात आता आपल्याला कुणी विचारणार नाही की तू कोणाचा.

इथं करमत नाही. गाडीच्या वेळेला विशाखा माझ्याआधी रुळावर हात ठेवून सांगायची की येऊन राहिली. आता मी फोनच्या घंटीवर उठतो. आई दिवसातून चारदा विचारते, "पोरगी कवा येते गा?" मी म्हणतो, आपणच जाऊन राहिलो तिकडे. तिला ते वीतभर अंगण सोडून कुठं जायचं म्हटलं की तोंड फिरवते. पण येईल. पोरीसाठी येईल.

तुझा,
चंद्रभान


इंदोरा
२८ जुलै १९७३

विशाखाच्या बाबांना सप्रेम जय भीम.

शाळा सुरू झाली. रोज सिटी बसनं जातो, एक बस बदलावी लागते. तिला सोडून मी फाटकाजवळच बसते आणि कांताबाईंनी दिलेली विडीची पानं कातरते. दिवस जातो.

विशाखा शिकून राहिली. आरशासमोर बसवतात, ओठ बघायला लावतात. "आ" येतं, "पा" येतं, "मा" अजून नाकातून जातं. पण बाईंनी एक अवघड सांगितलं आहे. घरी खाणाखुणा बंद करायच्या. भूक, झोप, आजी, गाडी, आपण हातानं जे जे बोलत होतो ते सगळं बंद. तोंडासमोर तोंड आणून बोलायचं आणि तिनं ओठ वाचेपर्यंत थांबायचं. खुणा केल्या तर जीभ आळशी होते म्हणतात. म्हणून मी आता दोन्ही हात पदरात धरून तिच्याशी बोलते. ती माझे हात ओढून बाहेर काढते. मी पुन्हा आत घेते. तिला वाटतं मी रागावले आहे.

खोलीचं जमत नाही. पाचपावलीच्या पलीकडे एक पाहिली. घरमालकीण चांगल्या बोलल्या, पाणी दिलं, मोरी दाखवली. मग आडनाव विचारलं. गजभिये म्हटल्यावर त्यांना आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. असं दोन ठिकाणी झालं. तिसरीकडे आपलीच माणसं होती, मला बरं वाटलं. पण विशाखा काहीतरी ओरडली तेव्हा ती बाई आत जाऊन आली आणि म्हणाली, "घरात पोटुशी सून हाय वं. सारखा असा आवाज कानावर पडला तं चांगलं नाही." मी उठले. कांताबाई म्हणतात, "राह्य ना इथंच, तुले कोण हाकलून राहिलं?" पण एकच खोली, त्यात तंबाखूची धूळ, पोर खोकते. तुम्ही असता तर रेल्वेचं क्वार्टर मिळालं असतं, आडनाव कुणी विचारलं नसतं.

अर्जाचं काय झालं? आईंचा निरोप तुमच्या पत्रात नव्हता. रागावल्या का?

प्रेमलता


टेंभरी
११ ऑगस्ट १९७३

प्रेमलतास जय भीम.

डिवीजनहून उत्तर आलं. जागा रिकामी नाही, नाव यादीत घातलं, दोन वर्षांनी विचार करू असं लिहिलं आहे. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला.

आईचा पाय जरा मुरगळला आहे. काळजी करू नको. बाकी ठीक.

चंद्रभान


इंदोरा
१८ ऑगस्ट १९७३

विशाखाच्या बाबांना जय भीम.

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. दोन वर्षं हे तुम्ही असं लिहिलं जसं काही आठ दिवस. तुम्ही स्वतः डिवीजन ऑफिसात येऊन साहेबांना भेटलात का? पास आहे, गाडी दारातून जाते. एक दिवस काढून येता आलं नाही? मला आता वाटू लागलं आहे की तुम्हाला हे शहर मुळात नकोच आहे. तिथं सिग्नल आहे, आई आहे, ठरलेलं आहे. इथं सगळं मी एकटीनं बघायचं.

लिहिणार नव्हते, पण लिहिते. परवा विशाखा "बाबा" म्हणाली. स्वच्छ. बाईंनी आधी "पापा" आणि मग "बाबा" करून घेतलं. मी तुमचा फोटो दाखवला आणि ओठ हलवून बाबा, बाबा म्हटलं. तिनं फोटोकडे बघितलं आणि हातानं सिग्नल पडल्याची खूण केली. तुम्हाला ओळखलं तिनं. पण तो शब्द तुमचा आहे हे तिला कळलं नाही. कागद हलवण्यासाठी करायचा आवाज, एवढंच तिच्यासाठी.

प्रेमलता


टेंभरी
२४ ऑगस्ट १९७३

प्रेमलतास जय भीम.

तुझं बरोबर आहे. मी यायला हवं होतं. का आलो नाही ते आता लिहितो.

आईचा पाय मुरगळला नाही. बावीस जुलैला ती विहिरीच्या दगडावर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागभीडला नेलं, त्यांनी चंद्रपूरला न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी वय बघून सांगितलं, जुळणार नाही, घरी ठेवा. महिना झाला ती खाटेवरच आहे. कूस बदलायलाही माणूस लागतो. मी ड्यूटीवर असतो तेव्हा गँगमनची बायको बायजाबाई बघते, पण तिलाही तिचं घर आहे. काल मी बारा तासांनी आलो तर आई तशीच ओल्यात पडून होती. मला बघून तिनं डोळे मिटून घेतले. ते मला विसरता येत नाही.

तुला कळवलं तर तू शाळा सोडून येशील म्हणून कळवलं नाही. आई पण म्हणाली होती, "तिले सांगू नको गा, पोरगी शिकून राहिली."

मी तुला ये म्हणत नाही. पण दुसरं काय लिहावं ते सुचत नाही.

बाबा म्हणाली ते आईला सांगितलं.

चंद्रभान


इंदोरा
३१ ऑगस्ट १९७३

विशाखाच्या बाबांना सप्रेम जय भीम.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. तुम्ही एकट्यानं महिना काढला आणि मी इथं रुसून बसले.

मी सोमवारी येते. एकटी येते.

विशाखाला घेऊन यायचं मनात होतं. इंदुताईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की आत्ता कुठे गळ्यातून आवाज काढायचा हे तिला कळलं आहे. चार-सहा महिने खंड पडला तर सगळं पुसून जाईल, आणि मग पुन्हा जागा मिळेलच असं नाही. आईंना किती दिवस लागतील, हे तर आपण बोलूही शकत नाही. कांताबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "ठेवून जाय तिले माह्याजवळ. शाळेत नेईन, आणीन. विड्या काय, कुठंही बसून होतात."

म्हणजे सोय झाली. पण पोरीला सांगायचं कसं? तीन दिवस मी तेच करते आहे. तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं, आई गावाला जाते, आई परत येते. ती माझ्या ओठांवर बोट ठेवून हसते. शेवटी बाईंचं न ऐकता खुणा केल्या. गाडी केली, आजी केली, आजी खाटेवर पडल्याचं केलं. ते तिला कळलं. आजीसाठी तिचं तोंड एवढंसं झालं. मग मी तळहात छातीपासून लांब नेला आणि पुन्हा छातीशी आणला, म्हणजे जाते आणि परत येते. तिला तो खेळ वाटला. तीही हात लांब नेऊन परत आणू लागली आणि हसू लागली.

बाईंना विचारलं, "परत" हा शब्द कधी येईल? त्या म्हणाल्या, आधी वस्तूंची नावं, पाणी, भात, फूल. उद्या, परवा, परत, हे दुसऱ्या वर्षी.

सोमवारी ती वर्गात गेली की मी तिथूनच इतवारीला जाईन. तिच्यासमोर निघायला माझ्यात बळ नाही. हे चांगलं की वाईट, मला कळत नाही.

प्रेमलता


टेंभरी
१२ सप्टेंबर १९७३

आदरणीय इंदुताई बाईंना प्रेमलता गजभियेचा सविनय जय भीम.

मी पोहोचले. सासूबाई अंजनाबाईंची तब्येत माझ्या समजुतीपेक्षा फार जास्त बिघडली आहे. पाठीला जखमा झाल्या आहेत. त्यांना सोडून मला अंगणाबाहेर जाता येत नाही. मी एकटी आले हे बघून त्या माझ्यावर चिडल्या. दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. म्हणाल्या, "लेकरू परक्या गावात टाकून माह्यासाठी काहून आली वं?" मग तिसऱ्या दिवशी माझा हात धरून रडल्या.

बाई, कांताबाईंना लिहिता येत नाही म्हणून तुम्हाला त्रास देते. विशाखा कशी आहे? जेवते का? माझी एक विनंती आहे. तुम्हाला खुणा चालत नाहीत हे मला माहीत आहे. पण फक्त एकदा, तळहात छातीपासून दूर नेऊन पुन्हा छातीशी आणायचा, असं तिला करून दाखवा. ही खूण मी तिला शिकवली होती. त्या वेळी तिला समजली नव्हती. आता कदाचित समजेल.

आपली,
प्रेमलता गजभिये


नागपूर
२० सप्टेंबर १९७३

सौ. प्रेमलताबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. गोड करून लिहिले असते, पण तुम्ही मला खरे विचारले आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती फाटकाजवळ तुमच्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. कांताबाई उचलायला गेल्या तर त्यांना चावली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात येईना, मग आली पण तोंड उघडीना. गळ्याला हात लावू देईना. अकरा दिवस तिने एकही आवाज काढला नाही. जेवण थोडे थोडे चालू होते. कांताबाईंनी तिला एक दिवसही एकटे सोडले नाही, हे मला मुद्दाम लिहायचे आहे.

बाराव्या दिवशी ती माझ्याकडे आली, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि "आई" म्हणाली. हा शब्द मी तिला शिकवत होते, पण तो तिला येत नव्हता. त्या दिवशी आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती मला हाक मारत नव्हती. तोंड वर करून बघत राहिली, उत्तराची वाट बघत. नंतर तिने तोच शब्द शिपाईणबाईला म्हटला, मग शेजारच्या मुलीच्या आईला, मग रस्त्यावरच्या भाजीवालीला. ती विचारत होती. शब्दाचा असा उपयोग मी तिला शिकवला नव्हता. तो तिचा तिनेच शोधून काढला.

तुमची खूण मी केली. सोळा वर्षे मुलांच्या खुणा मोडत आले, पण ही केली. तिने ती लगेच ओळखली. माझा हात धरून तिने मला ओढत फाटकापर्यंत नेले आणि रस्त्याकडे बोट दाखवून उभी राहिली. म्हणून ती खूण मी पुन्हा केली नाही.

आता ती हळूहळू रुळते आहे. अभ्यास करते. एक सांगते, त्याचा राग मानू नका. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तुम्हा दोघांपैकी कोणी तासाभरासाठी भेटायला येऊ नये. भेटून पुन्हा निघून गेलात तर ती कोणावरच विश्वास ठेवणार नाही. सुट्टीत घरी न्या, चांगले तीन आठवडे राहू द्या.

आपली,
इंदुताई


टेंभरी
९ ऑक्टोबर १९७३

आदरणीय इंदुताई बाईंना चंद्रभान गजभिये, पैटमन, यांचा सविनय जय भीम.

आपली माझी भेट नाही. मी विशाखाचा बाप. आपण भेटायला येऊ नका लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. तरी आलो. दसऱ्याला आमच्या लाइनीवरून दीक्षाभूमीसाठी माणसं जातात, मलाही रजा मिळाली. शुक्रवारी दुपारी विचारत विचारत शाळेत पोहोचलो. पिशवीत आईनं प्रेमलताकडून करवून घेतलेले मुरमुऱ्याचे लाडू होते.

वर्गाची खिडकी उघडी होती. कडुनिंबाच्या झाडामागून दिसत होतं. मुलं आरशासमोर ओळीनं बसली होती. विशाखा तिसरी. आधी ओळखलीच नाही. प्रेमलता दोन वेण्या घालायची, आता केस कापलेले. थोडी उंच झाली आहे. तिच्या बाजूला तिच्याहून लहान पोरगी होती, तिला जमत नव्हतं. विशाखानं तिचा हात घेऊन आपल्या गळ्यावर ठेवला आणि "आई" म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. बाहेरपर्यंत ऐकू आलं. आवाज जाडा आहे, फाटल्यासारखा. माझ्या पोरीच्या तोंडून शब्द मी पहिल्यांदा ऐकला, बाई.

दोन पावलं पुढे गेलो होतो. मग आपलं पत्र आठवलं. माझी गाडी सहाची होती. चौकीदारानं विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हटलं, किसीसे नहीं. लाडवाची पिशवी त्याच्याकडे दिली आणि वर्गात वाटायला सांगितली. कुणाकडून ते सांगितलं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहितो ते सांगतो. घरी आलो तेव्हा प्रेमलता दारात उभी होती. तिला वाटलं मी भेटून आलो. तिचा चेहरा बघून मला नाही म्हणवलं नाही. मी सांगितलं, भेटली. धावत आली, कमरेला मिठी मारली. लाडू खाल्ला. प्रेमलतानं विचारलं, निघताना रडली का. मी म्हटलं, नाही, तिला समजलं आहे की आपण परत येतो, स्वतः हात हलवून निरोप दिला. त्या दिवशी प्रेमलता पोटभर जेवली. आईला कूस बदलताना ते सगळं पुन्हा सांगत होती. आई दोनदा ऐकून घेते, तिसऱ्यांदा विचारते.

आपण पुढचं पत्र लिहाल तेव्हा कृपा करून असंच लिहावं, म्हणजे आपलं दोघांचं सांगणं एक होईल. आपण खरं बोलणाऱ्या बाई आहात, हे मला माहीत आहे. म्हणूनच विनंती करतो.

दिवाळीच्या सुट्टीला मी न्यायला येतो. आईचं कळत नाही, पण तेवढे दिवस काढील असं वाटतं. सुट्टी संपल्यावर तिला परत शाळेत सोडायला आमच्यापैकी कोण येणार, ते आम्ही अजून बोललो नाही.

आपला,
चंद्रभान गजभिये